बोल्टच्या डोक्यावरचे अक्षर

बैलगाडीचे चाक मोडले की पूर्वी गाडीवान सुताराकडे जाई. सुतार त्याच गाडीचा आख पाही, मोजी आणि त्या आखाला बसेल असे चाक करून देई. शेजाऱ्याच्या गाडीचे चाक काढून आपल्या गाडीला लावावे म्हटले, तर ते बहुधा नीट बसत नसे. बसलेच तर डगडगे किंवा घासत चाले. यात सुताराचा दोष नव्हता. प्रत्येक गाडी ही एक स्वतंत्र वस्तू होती आणि तिचे भाग एकमेकांसाठी घडवलेले असत.

आता दुसरे चित्र पाहू. दुसऱ्या महायुद्धात एक जीप सुरुंगावर जाऊन मोडली. तिचे इंजिन शाबूत आहे. दुसऱ्या जीपचे इंजिन निकामी झाले आहे, पण बाकीची गाडी धड आहे. या दोन जीप दोन वेगळ्या कंपन्यांनी, एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या कारखान्यांत बनवल्या आहेत. तरीही फिटर पहिल्या जीपचे इंजिन उचलतो, दुसरीत ठेवतो, बोल्ट आवळतो आणि गाडी चालू लागते. कानस चालवावी लागत नाही, भोक मोठे करावे लागत नाही.

या घटनेला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. त्या काळच्या जीप आज जगभर अनेक हौशी लोक आणि संग्रहालये पूर्वस्थितीत आणू पाहतात. मग त्यांच्यापुढे एक गमतीदार प्रश्न उभा राहतो. जे भाग मुद्दाम अगदी सारखे केले गेले, ते आज वेगळे कसे ओळखायचे? समोरचा भाग या गाडीचा मूळचा की दुसरीचा, युद्धकाळातला की नंतरचा, हे कसे ठरवायचे? या लेखात आपण हाच प्रश्न हाती घेणार आहोत. तो वरवर यंत्रदुरुस्तीचा वाटतो. पण प्रत्यक्षात तो इतिहासाचा, म्हणजे पुरावा कसा वाचावा याचा प्रश्न आहे.

कागदोपत्री ट्रक

जीपला आपण ट्रक म्हणत नाही. पण अमेरिकी सैन्याच्या कागदपत्रांत तिचे नाव ‘ट्रक, पाव टन, चार गुणिले चार’ असेच होते. पाव टन हे तिने वाहायचे ओझे. चार गुणिले चार म्हणजे चार चाके आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. सैन्याच्या ट्रकांच्या कुटुंबातले ते सर्वांत धाकटे भावंड.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना अशा हलक्या गाडीसाठी विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. अट इतकी कडक की फक्त दोन कंपन्या पुढे आल्या, बँटम आणि विलीस. मुदत पाळण्याची तयारी दाखवली ती एकट्या बँटमने. पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावची ही लहानशी कंपनी तेव्हा डबघाईला आली होती. तिने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपता संपता, नमुना बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर हजर झाला.

नमुना सैन्याला पसंत पडला, पण एवढी लहान कंपनी हजारो गाड्या पुरवू शकेल याचा भरवसा वाटेना. म्हणून सैन्याने बँटमची रेखाचित्रे विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनाही पाहू दिली. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांचेही नमुने आले. तिघांना प्रत्येकी १५०० गाड्यांची मागणी देण्यात आली.

विलीसची गाडी जड होती. तिचे वजन २४०० पौंडांच्या वर होते आणि मर्यादा होती २१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलोग्रॅम. पण तिचे इंजिन तिघींत सर्वांत जोरदार, ६० अश्वशक्तीचे. विलीसचे मुख्य अभियंते डेल्मर रूस यांनी इंजिन सोडायचे नाही असे ठरवले आणि बाकी गाडीचा एकेक भाग तपासून वजन उतरवले. बोल्टची जास्तीची लांबीसुद्धा कापली. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे कंत्राट विलीसला मिळाले.

एकटी विलीस मागणी पुरी करू शकणार नाही हे लवकरच दिसून आले. त्यामुळे नोव्हेंबर १९४१ मध्ये फोर्डलाही कंत्राट मिळाले. पण अट अशी की फोर्डने विलीसच्याच रेखाचित्रांवरून, विलीसच्याच इंजिनासह गाडी करावी आणि दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसावेत. विलीसची गाडी ‘एमबी’, फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. या तीन अक्षरांपैकी ‘जी’ म्हणजे सरकारी काम, ‘पी’ म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच अंतर असलेली गाडी आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे विलीसचा आराखडा. ‘जीपी’चा अर्थ ‘सर्वसाधारण कामाची’ असा पुष्कळदा सांगितला जातो, पण फोर्डच्या सांकेतिक भाषेत तो तसा नव्हता. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या केल्या.

बँटमच्या वाट्याला काय आले? जीपला जोडायचे दोनचाकी ट्रेलर बनवण्याचे काम. पुढे विलीस कंपनी ‘जीप आम्ही निर्माण केली’ अशी जाहिरात करू लागली, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे गेले. आयोगाने १९४८ मध्ये निर्णय दिला की ही कल्पना बँटमने सैन्यातील काही अधिकाऱ्यांच्या सहकार्याने साकार केली होती, विलीसने तसा दावा करू नये. तोवर बँटमने मोटारी बनवणे सोडून दिले होते. यंत्र कोणी केले, हा प्रश्न किती महत्त्वाचा असू शकतो हे यावरून ध्यानात येईल.

‘सारखा भाग’ ही कल्पना आली कुठून?

दोन कारखान्यांचे भाग एकमेकांना बसावेत ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. ती प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षे लागली, आणि ती आली बंदुकांच्या मार्गाने.

१७८५ साली पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लाँ या कारागिराने बंदुकीच्या चापाचे सुटे भाग ढिगात ठेवले होते. तिथे अमेरिकेचे वकील म्हणून असलेले थॉमस जेफरसन यांनी त्यातले हाताला लागतील ते भाग उचलून स्वतः अनेक चाप जुळवून पाहिले. सगळे नीट बसले. जेफरसन यांनी ही हकिगत उत्साहाने मायदेशी कळवली.

१८०१ साली अमेरिकेत एली व्हिटनी यांनी वॉशिंग्टनमध्ये असेच प्रात्यक्षिक करून दाखवले. तेव्हापासून अदलाबदली होऊ शकणाऱ्या भागांचा जनक म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. पण १९६० नंतर इतिहासकारांनी व्हिटनींच्या कारखान्यातल्या बंदुका प्रत्यक्ष उघडून पाहिल्या. एका बंदुकीचे भाग दुसरीला बसेनात. उलट काही भागांवर ‘हा त्याच्या जोडीचा’ अशा खुणा आढळल्या. भाग खरोखर सारखे असतील तर अशा खुणांची गरजच काय? दीडशे वर्षे चालत आलेली गोष्ट लोखंडावरच्या बारीक खुणांनी खोटी पाडली.

खरे यश हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात जॉन हॉल यांना १८२० च्या दशकात मिळाले. तपासनिसांनी शंभर रायफली सुट्या करून, भाग मिसळून, पुन्हा जुळवून पाहिल्या. १८३४ साली तर दूर कनेटिकटमध्ये सिमियन नॉर्थ यांनी केलेल्या रायफलींचे भाग हॉल यांच्या रायफलींना बसले. दोन वेगळे कारखाने आणि एकच भाग! एमबी आणि जीपीडब्ल्यू यांची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

यामागचे रहस्य कारागिराच्या हातात नव्हते, मोजमापाच्या साधनांत होते. भाग शेजारच्या भागाशी ताडून पाहायचा नाही, तर ठरलेल्या मापकाशी ताडायचा. पुढे स्वीडनमध्ये कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी पोलादी मापठोकळ्यांचे संच तयार केले. ते इतके गुळगुळीत की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून राहतात. निरनिराळे ठोकळे एकत्र करून हवे ते माप मिळते. हे योहान्सन १९२३ मध्ये फोर्ड कंपनीत दाखल झाले. विलीसच्या रेखाचित्रावरून फोर्डने केलेला भाग विलीसच्या गाडीत बसतो, तो अशा मापकांच्या जोरावर.

सारख्यांतला फरक

मग फरक राहतो कुठे? यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाग बसण्यासाठी त्याची काही मापेच नेमकी असावी लागतात, म्हणजे भोकांची जागा, व्यास, जोडपृष्ठे. बाकीचा आकार कारखान्याच्या सवयीवर, यंत्रांवर आणि खर्चावर सोडता येतो. ओळख पटते ती या मोकळ्या जागेत.

आपण जीपच्या पुढे उभे राहून वाकून पाहू. चासीच्या दोन लांब पट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा दांडा विलीसच्या गाडीत गोल नळीचा असतो. फोर्डच्या गाडीत तो दाबून केलेल्या पत्र्याचा, उलट्या ‘यू’ अक्षरासारखा असतो. दोन्ही तेवढेच काम करतात. पण एकदा हा फरक कळला की दहा पावलांवरूनही चासी कोणाची ते सांगता येते.

दुसरी खूण क्रमांकाची. विलीसने चासीचा क्रमांक एका लहान पट्टीवर घालून ती डाव्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ रिव्हेटने बसवली. फोर्डने क्रमांक डाव्या पट्ट्याच्या वरच्या पृष्ठावर, इंजिनाच्या आधाराजवळ थेट ठोकला. शिवाय फोर्डच्या गाडीत कारखान्यातून निघताना इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक एकच असे. विलीसच्या गाडीत ते वेगळे असत. त्यामुळे ‘दोन्ही क्रमांक जुळत नाहीत, म्हणजे इंजिन बदलले आहे’ हा निष्कर्ष फोर्डच्या बाबतीत बरोबर आणि विलीसच्या बाबतीत चूक ठरतो. नियम कुठे लागू होतो हे न पाहता तो लावला की असे होते.

तिसरी खूण सर्वांत प्रसिद्ध आहे. फोर्डला आपल्या भागांवर आपले नाव घालण्याची जुनी सवय होती. जीपीडब्ल्यूच्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, वळणदार ‘एफ’ अक्षर असते. भंगारात पडलेला एखादा गंजका बोल्ट पुसून पाहावा आणि त्यावर ते अक्षर दिसावे, यासाठी हौशी लोक तासन्‌तास खर्च करतात.

चौथी खूण तोंडावरच्या जाळीची. विलीसच्या सुरुवातीच्या सुमारे २५,००० गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली होती. फोर्डने एकाच पत्र्यात नऊ फटी पाडून ती दाबयंत्रावर तयार केली. ती वजनाला हलकी आणि करायला स्वस्त. मग विलीसनेही तीच स्वीकारली. म्हणजे आराखडा विलीसचा असला तरी जीपचा सर्वांच्या ओळखीचा चेहरा फोर्डने दिला. नक्कल करणाऱ्याकडून मूळ कर्त्यानेच शिकावे, असेही उद्योगाच्या इतिहासात घडते.

पाचवी खूण पत्र्याच्या सांगाड्याची. आरंभी मागच्या बाजूला डावीकडे कंपनीचे नाव पत्र्यातच उठवलेले असे. १९४२ मध्ये ते बंद झाले. पुढे १९४४ च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या एकाच कारखान्याचे सांगाडे दोन्ही कंपन्या वापरू लागल्या. म्हणून उशिराच्या गाड्यांत सांगाडा पाहून कंपनी ओळखता येत नाही. चासीच पाहावी लागते.

इंजिनाबद्दल एक लहानसे गणित विद्यार्थ्यांना देता येईल. या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच आणि दट्ट्याचा प्रवास ४.३७५ इंच. एका सिलिंडरचे घनफळ काढून चाराने गुणले की १३४.२ घन इंच येतात. इंजिनाच्या नावात १३४ हा आकडा येतो तो याचमुळे. भंगारातल्या इंजिनावरची पट्टी गेली असेल, तर कॅलिपर आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून त्याच्या ओळखीकडे जाणारे पहिले पाऊल टाकता येते. फक्त हे विसरू नये की सिलिंडर घासले गेले की ते कातून थोडे मोठे करतात. व्यास किंचित जास्त आला तर ते दुरुस्तीचे चिन्ह आहे, दुसऱ्या इंजिनाचे नव्हे.

आट्यांची भाषा

बोल्ट मूळचा आहे की नंतरचा, हे त्याच्या आट्यांवरूनही कळते. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश असून माथा आणि तळ गोलसर असतो. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन आणि सपाट माथा सुचवला, कारण ६० अंशांचा कोन साधणे आणि तपासणे सोपे जाते. समभुज त्रिकोणाची आठवण ठेवली की कारण कळेल.

गंमत अशी की जाड आट्यांच्या बऱ्याच मापांत दोन्ही पद्धतींत दर इंची आटे तेवढेच आहेत. पाव इंची बोल्टला २०, तीन-अष्टमांश इंचीला १६. त्यामुळे इंग्रजी नट अमेरिकी बोल्टवर चढतो, थोडा घट्ट वाटतो आणि आट्यांचे नुकसान करतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टला मात्र इंग्रजी पद्धतीत १२ आणि अमेरिकी पद्धतीत १३ आटे असतात. तिथे नट एक-दोन फेऱ्यांत अडकतो. मित्रराष्ट्रे एकाच बाजूने लढत होती, पण त्यांचे नट-बोल्ट एकमेकांशी जुळत नव्हते. युद्धातल्या या अनुभवानंतर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकाच प्रमाणावर सही केली.

आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये या इतिहासाचे थर एकावर एक साचलेले दिसतात. मूळ अमेरिकी बोल्ट, एखाद्या जुन्या वर्कशॉपमधून आलेले इंग्रजी बोल्ट आणि भारतात दशमान पद्धत रुळल्यावर बसवलेले मिलिमीटरचे बोल्ट. पानासुद्धा साक्ष देतो. इंग्रजी व्हिटवर्थ पान्यावर बोल्टच्या दांड्याचे माप लिहिलेले असते, तर अमेरिकी पान्यावर डोक्याच्या दोन समोरासमोरच्या कडांमधले अंतर. तीन-अष्टमांश इंचाच्या अमेरिकी बोल्टला नऊ-सोळांश इंचाचा पाना लागतो.

तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, दहा मिलिमीटरच्या बोल्टशी डोळ्यांची फसगत होणे सोपे. पण आटे मोजा. इंचाला १६ म्हणजे दोन आट्यांत १.५९ मिलिमीटर अंतर. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टमध्ये ते १.५ मिलिमीटर असते. एका आट्यात हा फरक दिसणार नाही. दहा आटे मोजले तर तो ०.९ मिलिमीटरपर्यंत जातो आणि साध्या मोजपट्टीवरही कळतो. लहान फरक दिसत नसेल तर तो अनेकदा मोजून साठवायचा, ही युक्ती प्रयोगशाळेत लंबकाचे आंदोलन मोजताना आपण नेहमीच वापरतो.

पुरावा आणि बनावट

ज्या खुणेला किंमत येते तिची नक्कलही होते. आज ‘एफ’ अक्षराचे बोल्ट नवे तयार होऊन विकले जातात. जीपचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडाही नवा मिळतो. ते प्रामाणिकपणे ‘नवे’ म्हणून विकले तर त्यात वाईट काही नाही. पण अशा भागांवरून गाडीचा इतिहास सांगायला गेलो तर फसगत होते. क्रमांक कानशीने घासून दुसरा ठोकण्याचे प्रकारही होतात.

अशा वेळी धातूची स्मरणशक्ती मदतीला येते. ठसा ठोकताना अक्षराच्या खालचे धातूचे स्फटिकही काही खोलीपर्यंत दबले जातात. वरचे अक्षर घासून टाकले तरी खालचा दबलेला भाग तसाच राहतो. पृष्ठ गुळगुळीत करून त्यावर तांब्याचे क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण लावले, तर दबलेल्या आणि न दबलेल्या धातूवर त्याची क्रिया कमीजास्त वेगाने होते आणि पुसलेला क्रमांक अंधुक दिसू लागतो. गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा चोरीच्या वाहनांसाठी ही पद्धत वापरतात. ती तज्ज्ञांनीच करायची आहे, हे सांगायला नकोच.

रंगही बोलतो. एखाद्या कोपऱ्यात बारीक पॉलिश कागदाने तिरके घासत गेले की रंगाचे एकाआड एक थर कड्यांसारखे उघडे पडतात. सर्वांत खाली सैन्याचा मंद हिरवट रंग, त्यावर दुरुस्तीच्या वेळचा, त्यावर एखाद्या खात्याचा, सर्वांत वर मालकाच्या आवडीचा. बॉनेटच्या बाजूवर कधीकधी सैन्याचा जुना नोंदणी क्रमांक सापडतो. अमेरिकी जीपचा तो २० या आकड्यांनी सुरू होई. पुरातत्त्वज्ञ उत्खननात मातीचे थर वाचतात, तेच हे काम. आणि त्यांच्यासारखीच इथेही घाई महागात पडते. सगळा रंग एकदम खरवडून काढला की थर गेले, आणि त्यांच्याबरोबर साक्षही गेली.

या सर्वांतून एक पद्धत हाती येते. कुठलीही एक खूण एकटी पुरेशी नसते. बॉनेट चार स्क्रूंनी निघते, म्हणून त्यावरचा क्रमांक बॉनेटचा इतिहास सांगतो, गाडीचा सांगेलच असे नाही. चासी सहसा बदलत नाही, म्हणून तिची साक्ष सर्वांत वजनदार. ओतीव भागावरची ओतण्याची तारीख गाडी सैन्याला दिल्याच्या तारखेनंतरची असेल, तर तो भाग मूळचा नाही हे निश्चित. पण ती आधीची असेल तर तो मूळचा आहेच, असे मात्र सिद्ध होत नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेक खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, की मग निष्कर्ष काढावा.

मूळ म्हणजे नेमके काय?

आता सर्वांत अवघड प्रश्न. समजा, आपल्याकडे फोर्डची चासी आहे, इंजिन विलीसचे आहे आणि निम्म्याच बोल्टवर ‘एफ’ आहे. ती ‘मूळ’ करायची म्हणजे काय करायचे? विलीसचे भाग काढून फोर्डचे शोधून बसवायचे?

पुष्कळ लोक तसेच करतात. पण थोडे थांबून विचार करू. भाग अदलाबदल करता यावेत म्हणूनच ही गाडी तशी बनवली होती. सैन्याच्या सुट्या भागांच्या यादीत एकाच भागापुढे विलीसचा आणि फोर्डचा असे दोन्ही क्रमांक दिलेले असत. दुरुस्तीच्या तळावर फिटर हाताला येईल ते इंजिन बसवी. म्हणजे फोर्डच्या चासीतले विलीसचे इंजिन हा कदाचित युद्धातच लिहिला गेलेला मजकूर आहे. ते काढून टाकले तर गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी दिसेल, पण त्यानंतर तिने जे आयुष्य काढले ते पुसले जाईल.

दोन्ही मार्गांत काही तथ्य आहे. कारखान्यात गाडी कशी बनत होती हे दाखवायचे असेल तर पहिला मार्ग बरा. गाडीने काय भोगले हे जपायचे असेल तर दुसरा. जुन्या पोथीची प्रत करताना मूळ पाठ शोधणे आणि समासातल्या टिपा जपणे, ही दोन वेगळी कामे आहेत. चूक होते ती एकच: काय बदलले याची नोंद न ठेवणे. काढलेला भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवला, नव्या भागावर न दिसेल अशा जागी वर्ष कोरले, आधीची छायाचित्रे ठेवली, की पुढच्या अभ्यासकाला आपला निर्णय तपासता येतो आणि गरज पडली तर फिरवताही येतो.

आपल्या रस्त्यावरची जीप

महाराष्ट्राचा या गाडीशी जवळचा संबंध आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलीसच्या जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. पण त्या युद्धातल्या जीप नव्हेत. युद्धानंतर विलीसने शेतकऱ्यांसाठी आणि सामान्य वापरासाठी काढलेल्या वाणाच्या वारसदार होत्या. आज एखादी अशी जीप हिरवी रंगवून ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून मिरवली जाते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात. एक, जाळीच्या फटी मोजा. युद्धातल्या दाबीव जाळीला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. दोन, दिवे पाहा. युद्धातले दिवे लहान आणि जाळीच्या आत बसवलेले. नंतरचे मोठे आणि बाहेर आलेले. तीन, मागे जा. युद्धातल्या जीपला मागे उघडणारी फळी नसते आणि जादा चाक मागे टांगलेले असते. आपल्याकडे अनेक दशके दिसलेल्या उंच बॉनेटच्या जीपचा आराखडा तर १९५३ सालचा आहे. तिच्या उंच इंजिनासाठी बॉनेट वर उचलावे लागले.

जीप हाताशी नसली तरी बिघडत नाही. शाळेतली जुनी शिलाई यंत्रे, सायकली, कुलपे, प्रयोगशाळेतले तराजू हेही चालतील. वर्गाचे गट करून प्रत्येक गटाला एकेक वस्तू द्यावी. कोणते भाग मूळचे, कोणते नंतरचे, हे त्यांनी ठरवावे. आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘कशावरून?’ हा रकाना भरावा. आट्यांची संख्या, रंगाचे थर, गंजाची खोली, अक्षरांचे वळण, स्क्रूच्या डोक्यावरची घासलेली खाच, असे कितीतरी पुरावे मुले शोधून काढतील. दोन गटांचे मत जुळले नाही तर उत्तमच. मग कोणाचा पुरावा बळकट, याची चर्चा होईल.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. सहलीत ते पाहायचा योग आला, तर विद्यार्थ्यांना फक्त तोफा मोजू देऊ नयेत. आवरण कुठे जोडले आहे, रिव्हेट आहेत की वेल्डिंग, क्रमांक कुठे ठोकला आहे, हे बाहेरून दिसेल तेवढे पाहायला सांगावे. युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी शिकवतो. तो टोलेडोतल्या लेथवरच्या कामगाराचा आणि दुरुस्तीतळावर हाताला येईल तो बोल्ट आवळणाऱ्या फिटरचाही आहे. त्यांची नावे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत. त्यांच्या हातच्या खुणा मात्र लोखंडावर आहेत, आणि त्या आपण खरवडून टाकल्या नाहीत तर आणखी बराच काळ वाचता येतील.